पाण्यात नाचणारी वाळू, कॉम्प्युटरवर: द्रव-घन फ्लुइडाइज्ड बेडच्या सिम्युलेशनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केमिकल इंजिनिअरिंगची मुलं, जलशुद्धीकरणात काम करणारे मित्र आणि सिम्युलेशन नुकतंच हातात घेतलेले काही जण मला हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो. माझा आग्रह एकच आहे आणि तो पुढे बऱ्याच उत्तरांत दिसेल: पडद्यावरचा थर बघण्याआधी खऱ्या नळीतला थर बघा.

फ्लुइडाइज्ड बेड म्हणजे नक्की काय?

कोकणातल्या एखाद्या झऱ्याच्या तळाशी वाळू नाचताना पाहिली असेल. खालून पाणी वर येतं, वाळूचे कण उचलले जातात, पण वाहून जात नाहीत. तिथल्या तिथे वरखाली होत राहतात. हाच फ्लुइडाइज्ड बेड.

नळीत वाळू भरून खालून पाणी सोडलं की आधी पाणी कणांच्या फटींतून निघून जातं आणि वाळू जागची हलत नाही. वेग वाढवत नेला की एका क्षणी पाण्याची ओढ वाळूच्या पाण्यातल्या वजनाइतकी होते. तिथून थर सैल होतो, फुगतो, आणि सगळा ढीग द्रवासारखा वागायला लागतो. त्या क्षणाचा वेग म्हणजे किमान फ्लुइडायझेशन वेग. त्यापुढे कितीही पाणी सोडा, थरातली दाबघट जवळपास तेवढीच राहते, फक्त उंची वाढते. उंची वाढते आणि दाब वाढत नाही, ही जोडी लक्षात ठेवा. पुढे तिचं काम आहे.

मुंबईत हे कुठे बघायला मिळतं?

तानसा, वैतरणा, भातसा यांचं पाणी भांडुप आणि पांजरापूरच्या केंद्रांत शुद्ध होऊन आपल्या नळाला येतं. अशा केंद्रांत वाळूचे फिल्टर असतात. वाळूत गाळ अडकला की खालून उलटं पाणी सोडून ती धुतात, त्याला बॅकवॉश म्हणतात. बॅकवॉशच्या त्या काही मिनिटांत फिल्टरमधली वाळू फ्लुइडाइज्ड असते. पाणी कमी सोडलं तर वाळू नीट धुतली जात नाही, जास्त सोडलं तर वाळूच वाहून जाते.

तुमच्या सोसायटीत बोअरवेलच्या पाण्याला सॉफ्टनर असेल तर त्यातल्या रेझिनचंही असंच होतं. रेझिनचे दाणे वाळूपेक्षा खूप हलके असतात. बॅकवॉशचा व्हॉल्व्ह जरा जास्त उघडला की महागडे दाणे थेट गटारात. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. सकाळी गटाराच्या जाळीवर पिवळसर, साबुदाण्याहून बारीक मणी साचलेले होते.

याशिवाय सांडपाण्याच्या जैविक प्रक्रियेत, औषधनिर्मितीत प्रथिनं वेगळी करताना आणि खनिजांची वर्गवारी करताना हेच थर वापरतात.

हवेतला थर आणि पाण्यातला थर सारखेच ना?

नाहीत, आणि इथेच बऱ्याच जणांचं पहिलं सिम्युलेशन चुकतं. हवेतल्या थरात मोठे बुडबुडे उठतात, थर उसळतो. पाण्यातला थर बहुतेक वेळा शांतपणे, एकसारखा फुगतो. विल्हेल्म आणि क्वॉक यांनी १९४८ मध्ये हा फरक मोजून मांडला. काच किंवा वाळू पाण्यात शांत राहते, पण शिशाच्या गोळ्यांच्या थरात पाण्यातसुद्धा बुडबुड्यांसारख्या पोकळ्या उठतात. म्हणजे द्रव आहे की वायू एवढंच पुरेसं नाही, घनतेचा फरकही बघावा लागतो.

शांत म्हणजे अगदी एकसारखा, असंही नाही. नीट बघितलं तर थरात दाट आणि विरळ पट्टे वर सरकताना दिसतात. चांगल्या सिम्युलेशनमध्ये हे पट्टे आपोआप यायला हवेत.

सूत्रं आहेत ना? मग कॉम्प्युटर कशाला?

सूत्रं आहेत आणि ती आधी वापरायलाच हवीत. अर्धा मिमी व्यासाची वाळू घ्या, घनता २६५० किलो प्रति घनमीटर, पाणी ३० अंशांचं. वेन आणि यू यांच्या १९६६ च्या सूत्राने किमान वेग येतो सेकंदाला साधारण ३ मिमी. एकटा कण स्थिर पाण्यात सेकंदाला सुमारे ८५ मिमी वेगाने पडतो. रिचर्डसन आणि झाकी यांनी १९५४ मध्ये दाखवलं की थरातून वर जाणाऱ्या पाण्याचा वेग म्हणजे हा पडण्याचा वेग गुणिले पोकळीच्या प्रमाणाचा (थराच्या आकारमानातला पाण्याचा वाटा) एक घात. घातांक बारीक कणांसाठी ४.६५ च्या आसपास आणि मोठ्यांसाठी २.४ च्या आसपास असतो. आपल्या वाळूसाठी तो साधारण ३. पाणी सेकंदाला २० मिमी वेगाने सोडलं तर पोकळी ०.६२ च्या जवळ येते, म्हणजे १० सेमीचा थर फुगून १५ सेमी होतो. गणित पाच मिनिटांचं आहे, कॅल्क्युलेटर पुरतो.

तापमानाकडे दुर्लक्ष करू नका. पुस्तकांतले बहुतेक आकडे २० अंशांच्या पाण्याचे असतात, आपल्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मे महिन्यात ३० च्या घरात असतं. २० अंशांना याच वाळूचा किमान वेग ३ ऐवजी साधारण २.४ मिमी येतो. फरक पाचव्या हिश्श्याचा आहे.

मग कॉम्प्युटर कधी? सूत्र पूर्ण थराची सरासरी सांगतं. कण कुठल्या बाजूने वर जातात, कोपऱ्यात वाळू मेलेली राहते का, दोन आकारांचे कण मिसळतात की वेगळे होतात, तळाच्या जाळीतून पाणी एकीकडेच घुसलं तर काय, हे सूत्राला विचारून कळत नाही.

सिम्युलेशनच्या पद्धती किती?

कामापुरत्या तीन.

पहिलीत कण वेगवेगळे मोजतच नाहीत. पाणी एक द्रव आणि कणांचा समूह दुसरा द्रव, दोघे एकमेकांत मिसळलेले, असं मानतात. यामागची सरासरी समीकरणं अँडरसन आणि जॅक्सन यांनी १९६७ मध्ये मांडली. याला टू-फ्लुइड मॉडेल म्हणतात. मोठ्या उपकरणांसाठी हाच व्यवहार्य मार्ग.

दुसरीत प्रत्येक कणाची नोंद ठेवतात: तो कुठे आहे, किती वेगाने फिरतो, कोणावर आदळतो. कणांची ही पद्धत, डीईएम, कुंडल आणि स्ट्रॅक यांनी १९७९ मध्ये मातीच्या कणांसाठी आणली. त्सुजी आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ती प्रवाहाच्या गणिताला जोडली. मात्र पाणी कणापेक्षा मोठ्या चौकटींतच मोजलं जातं, म्हणून कणावरची ओढ सूत्रातून घ्यावी लागते.

तिसरीत कणाभोवतीचं पाणीसुद्धा पूर्ण सोडवतात. ओढ आपोआप निघते, सूत्र लागत नाही. पण किंमत प्रचंड.

मग मी कुठली निवडू?

कण मोजा, उत्तर तिथेच आहे. ५ सेमी व्यासाच्या नळीत १० सेमी उंचीपर्यंत ३ मिमीचे काचमणी भरले तर ते साधारण ८,३०० होतात. घरच्या कॉम्प्युटरवर डीईएम आरामात. त्याच नळीत अर्धा मिमीची वाळू भरली तर कण होतात १७ लाख. आता चांगलं मशीन आणि बराच धीर हवा. आणि फिल्टरमधल्या एक घनमीटर वाळूत अशा कणांची संख्या सुमारे ८८० कोटी. तिथे टू-फ्लुइडला पर्याय नाही.

पूर्ण सोडवणाऱ्या पद्धतीत एका मण्याच्या व्यासात किमान दहा चौकटी लागतात. ५ सेमी व्यासाच्या आणि ३० सेमी उंचीच्या नळीत ३ मिमीच्या मण्यांसाठी दोन कोटींहून जास्त चौकटी, तेही काटकसरीने.

चौकटी किती मोठ्या ठेवायच्या?

डीईएममध्ये चौकट कणाच्या साधारण ३ ते ५ पट असावी. त्याहून लहान केली तर एकाच चौकटीत कण मावत नाही आणि पोकळीचा आकडा वेडावाकडा उड्या मारतो. पण आपल्याच उदाहरणात बघा: ३ मिमीचे मणी, ५ सेमीची नळी, म्हणजे आडव्या दिशेला जेमतेम चार-पाच चौकटी. एवढ्यात नळीच्या कडेचा प्रवाह कुठून दिसणार? पोकळी शेजारच्या चौकटींत पसरवून देण्याचे उपाय आहेत, ते वापरा. किंवा मणी लहान घ्या. चौकटी बारीक केल्या म्हणजे उत्तर अचूक, हा नियम इथे चालत नाही.

ड्रॅग मॉडेल कोणतं घेऊ?

ड्रॅग म्हणजे पाण्याची कणावरची ओढ, आणि ती काढण्याचं सूत्र म्हणजे ड्रॅग मॉडेल. हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, म्हणून इथे थांबतो.

सॉफ्टवेअरमध्ये बहुतेक वेळा गिडास्पोव या नावाचा पर्याय समोर असतो आणि मुलं तोच निवडून पुढे जातात. त्याची रचना अशी: पोकळी ०.८ पेक्षा कमी असेल तर एर्गुनचं १९५२ चं सूत्र, जास्त असेल तर वेन-यूचं. वायूच्या थरांसाठी हे वर्षानुवर्षं चाललं आहे. पण पाण्याचा थर बहुतेक वेळ ०.४५ ते ०.७ च्या पोकळीत असतो, म्हणजे तुमचं संपूर्ण सिम्युलेशन एर्गुनवरच चालतं. आणि एर्गुनचं सूत्र घट्ट भरलेल्या थरांच्या मोजमापातून आलेलं आहे, जिथे पोकळी ०.४ च्या आसपास असते.

याचा परिणाम हातानेच काढून बघा. वरचीच वाळू, तेच २० मिमीचं पाणी. रिचर्डसन-झाकी सांगतं १० सेमीचा थर १५ सेमी होईल. एर्गुनची ओढ कणाच्या वजनाशी जुळवली तर पोकळी ०.६६ येते आणि थर १७ सेमीच्या वर जातो. दोन सेंटिमीटरचा फरक. नळीत ठेवलेली पट्टी तो लगेच दाखवते.

म्हणून पाण्यासाठी माझी पसंती सरसकट वेन-यू किंवा डी फेलिसे यांचं १९९४ चं सूत्र. यांची मुळं द्रव-घन थरांच्या प्रयोगांत आहेत. कोणतंही घ्या, पण मोठा रन लावण्याआधी एकाच पोकळीसाठी ओढ आणि वजन कागदावर जुळवून बघा. दाबघटीच्या सूत्रांची तुलना करायची असेल तर माटुंग्याच्या आयसीटीतले (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) अनिरुद्ध पंडित आणि ज्येष्ठराज जोशी यांनी १९९८ मध्ये स्थिर, विस्तारलेल्या आणि फ्लुइडाइज्ड थरांचा एकत्र आढावा घेतला आहे, तो जरूर वाचा. १९३३ पासूनच्या या संस्थेला आपल्याकडचे जुने लोक अजून यूडीसीटीच म्हणतात.

ओढीशिवाय आणखी कोणती बलं धरायची?

तरंगण्याचं बल अर्थातच. शिवाय अॅडेड मास. कण वेग वाढवतो तेव्हा त्याला आजूबाजूचं पाणीही ढकलावं लागतं, साधारण स्वतःच्या निम्म्या आकारमानाइतकं. हवेत हे नगण्य असतं. पाण्यात वाळूच्या वस्तुमानाच्या सुमारे १९ टक्के भरतं. सरासरी उंचीवर याने फरक पडत नाही, पण दाट-विरळ पट्ट्यांचा अभ्यास करायचा असेल तर ते सोडू नका.

कण आदळल्यावर किती उसळतात? कोड रेस्टिट्यूशन मागतो.

रेस्टिट्यूशन म्हणजे आदळल्यानंतरचा वेग भागिले आदळण्याआधीचा वेग. कोरड्या काचेचा ०.९ किंवा ०.९५ आकडा डोळे मिटून टाकू नका. दोन कण जवळ येताना त्यांच्यामधलं पाणी पिळून बाहेर निघावं लागतं आणि त्यातच आदळण्याचा जोर जिरतो. किती जिरतो ते कणाच्या स्टोक्स संख्येवरून, म्हणजे कणाचं जडत्व पाण्याच्या चिकटपणापुढे किती मोठं आहे त्यावरून, ठरतं. ती साधारण १० च्या खाली गेली की उसळणं संपतं.

३ मिमीचा मणी ७० मिमी वेगाने आदळला तर ही संख्या ७० च्या वर जाते, थोडं उसळतो. अर्धा मिमीची वाळू १० मिमी वेगाने आदळली तर संख्या २ च्याही खाली, ती नुसती टेकते आणि वेगळी होते.

टाइम स्टेप किती?

टक्कर किती वेळ टिकते त्याच्या विसाव्या भागाइतकी. डीईएममध्ये दोन कणांच्या टकरीत मध्ये एक स्प्रिंग आहे असं मानतात. ३ मिमीच्या काचमण्याला १००० न्यूटन प्रति मीटरची स्प्रिंग दिली तर टक्कर साधारण ०.४ मिलिसेकंद टिकते, म्हणजे पाऊल २० मायक्रोसेकंदांचं. ३० सेकंदांच्या नाचासाठी १५ लाख पावलं. खरी काच याहून खूप कडक असते. स्प्रिंग मुद्दाम मऊ ठेवतात, म्हणजे रन संपतो. कण एकमेकांत व्यासाच्या एक टक्क्याहून कमी घुसत असतील तर एवढी सवलत चालते.

सिम्युलेशन सुंदर दिसतंय. बरोबर आहे हे कसं कळणार?

सुंदर दिसण्यावरून काहीच कळत नाही. आधी दोन आकडे जुळवा.

पहिला दाब. १० सेमीच्या वाळूच्या थराची दाबघट साधारण ९४० पास्कल असायला हवी. थराखाली आणि थरावर उघड्या बारीक नळ्या लावल्या तर त्यांच्या पातळीत सुमारे ९६ मिमी फरक दिसतो, आणि पाणी वाढवलं तरी तो तिथेच राहतो. सिम्युलेशनमध्ये हा आकडा आला नाही तर कणांचं वजन किंवा तरंगण्याचं बल कुठेतरी दोनदा धरलं गेलं आहे किंवा सुटलं आहे. ही चूक फार होते, कारण काही कोड दाबाच्या उतारातून तरंगण्याचं बल स्वतःच धरतात आणि आपण ते पुन्हा जोडतो.

दुसरा उंची. किमान तीन-चार वेगांना उंची मोजा आणि रेषा जुळवा. एकाच वेगाला जुळली तर तो योगायोगही असू शकतो.

आता एक अनुभव सांगतो. मुलुंडच्या घराच्या गॅलरीत मी ५ सेमीची ॲक्रिलिक नळी उभी केली. प्रिन्सेस स्ट्रीटवरून काचमणी आणले, खाली छिद्रांची चकती बसवली, पंप जोडला. उंची सिम्युलेशनशी छान जुळली, मी खूश. पण नळीत मणी डावीकडून सतत वर जात होते आणि उजवीकडून खाली येत होते. पडद्यावर असं काही नव्हतं. आठवडाभर मी ड्रॅग बदलला, घर्षण बदललं, चौकटी बदलल्या. शेवटी नळी खोलली. चकतीच्या उजव्या बाजूच्या सात छिद्रांवर टेफ्लॉन टेपचा एक पांढरा तुकडा चिकटून बसला होता, जोड घट्ट करताना आत गेलेला. तो काढल्यावर मणी सरळ नाचायला लागले. मग मी उलटं केलं: सिम्युलेशनमध्ये तीच सात छिद्रं बंद केली. पडद्यावरचे मणी डावीकडून वर जाऊ लागले. त्या दिवशी मला पहिल्यांदा माझ्या कोडवर खरा भरवसा बसला.

तेव्हा खाली पाणी कसं येतं ते नीट लिहा. सगळीकडे सारखा वेग, ही फक्त कागदावरची सोय आहे. चकतीवर मोठ्या मण्यांचा दोन सेंटिमीटरचा थर दिला तर प्रत्यक्षातही प्रवाह बराच सारखा होतो.

आणि नळाचं पाणी थेट जोडू नका. त्यात विरघळलेली हवा असते, तिचे बारीक बुडबुडे मण्यांना चिकटतात आणि मणी हलके होऊन वर चढतात. बादलीत रात्रभर ठेवलेलं पाणी घ्या.

दोन प्रकारचे कण एकत्र असतील तर?

बारीक पण जड कण आणि मोठे पण हलके कण एकत्र घ्या. पाणी कमी असताना बारीक-जड खाली बसतात. पाणी वाढवत नेलं की दोन्ही मिसळतात आणि आणखी वाढवलं की चक्क उलटे होतात: मोठे-हलके खाली, बारीक-जड वर! मोरितोमी आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये याचा सविस्तर अभ्यास केला.

कारण समजायला सोपं आहे. खाली-वर ठरतं ते कण आणि पाणी मिळून झालेल्या थराच्या एकूण घनतेवर. वेग वाढताना बारीक कणांचा थर जास्त झपाट्याने फुगतो, त्यात पाणी जास्त भरतं आणि तो हलका होतो. कोणत्या वेगाला अदलाबदल होते ते ओळखणं ही ड्रॅग मॉडेलची अवघड परीक्षा आहे. एकाच आकाराच्या कणांसाठी केलेलं सूत्र इथे अनेकदा नापास होतं. मिश्रणासाठीची दुरुस्ती, उदाहरणार्थ बीटस्ट्रा आणि सहकाऱ्यांची २००७ ची, वापरून बघा.

सॉफ्टवेअरला पैसे लागतात का?

नाही. ओपनफोम फुकट आहे, अमेरिकेच्या एनईटीएल प्रयोगशाळेचं एमफिक्स फुकट आहे आणि त्यात टू-फ्लुइड व डीईएम दोन्ही आहेत. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पात ओपनफोम शिकण्याचं साहित्यही मोफत आहे. लॅपटॉपला १६ जीबी मेमरी असेल तर काचमण्यांची नळी चालते.

खरी वाळू गोल नसते. मग?

नसते. टोकदार कण हळू पडतात आणि सैल बसतात, म्हणून वरचे आकडे गोल कणांचेच समजा. तुमची वाळू चाळा आणि शंभरेक कण मोजपात्रात एकेक करून सोडा. पडण्याचा खरा वेग घड्याळ लावून काढा आणि सूत्रात तोच घाला. व्यासात गोंधळ घालण्यापेक्षा हे कधीही बरं.

उंची आणि दाब जुळले. आणखी एखादी सोपी तपासणी आहे का?

आहे, आणि ती मला सगळ्यात आवडते. वाळूचा थर २० मिमी वेगाला १५ सेमीवर नाचत असताना नळीच्या तळाचा बॉल व्हॉल्व्ह एका झटक्यात बंद करा. ५ सेमीच्या नळीत हा प्रवाह मिनिटाला साधारण २.४ लिटर असतो, बादली आणि घड्याळाने मोजता येतो. व्हॉल्व्ह बंद होताच थराचा वरचा पृष्ठभाग जवळजवळ त्याच २० मिमी वेगाने खाली येतो, कारण तेवढ्या दाटीत कणांचा खाली बसण्याचा वेगच तेवढा असतो. तळातून मात्र बसलेल्या वाळूची दुसरी रेघ वर चढताना दिसते. साधारण अडीच सेकंदांत दोन्ही रेघा १० सेमीवर भेटतात.

मोबाइलवर ३० फ्रेमचा व्हिडिओ काढला तर या अडीच सेकंदांच्या ७५ फ्रेम मिळतात. नळीमागे मिलिमीटरचा आलेख-कागद चिकटवा, दर पाचव्या फ्रेमला दोन्ही रेघांची उंची लिहा. मग सिम्युलेशनमध्ये आत येणारं पाणी त्याच झटक्यात शून्य करा आणि त्या दोन रेघा याच आलेखावर काढा.